नाताळच्या सुटीत शुद्धी

अकोला, ९ नोव्हेंबर १९२६

कुणाशी तरी कडाकडा भांडल्याशिवाय आज मला चैन पडणार नाही. शाळेत भांडलो तर नोकरी जाईल. बायकोशी भांडावं तर विमल हसते, आणि ती हसली की माझ्या भांडणाचं पार पोतेरं होतं. म्हणून ही वही काढली. हिला हसता येत नाही.

झालं असं. दिवाळीच्या सुटीत अमरावतीला आईकडे जाऊन आलो. मी ख्रिस्ती झालो त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हा माझ्या मोठ्या भावाने, वकील मोरोपंतदादाने, अंगणात माझ्या नावाने घडा फोडला आणि हरिहर मेला असं जाहीर करून टाकलं. आता हा मेलेला माणूस दर दिवाळीला येतो आणि ओसरीवर बसून जेवतो, हे आमच्या घरी सगळ्यांनी निमूट मान्य केलेलं आहे. आई उंबऱ्याच्या आतून, वरूनच, पत्रावळीवर वाढते. जेवण झालं की माझी पत्रावळ मीच उचलायची, कुंपणापलीकडे टाकायची आणि बसल्या जागी शेणाचा हात फिरवायचा. बाटलेल्याचं उष्टं घरातलं कोणी काढत नाही. मला आता त्याचं काही वाटत नाही. वाटत नाही कसलं, वाटतं. पण हात आपोआप चालतो.

यंदा मी सारवत होतो आणि आई दारात उभी होती. एकदम म्हणाली, "हरी, तुझं ते खरं आहे ना रे?"

"कोणतं, आई?"

"ज्याच्यापायी आम्हाला सोडलंस ते."

चौदा वर्षांत तिने हा विषय काढला नव्हता. माझे दोन्ही हात शेणात. 

"खरं असलं तर सांगून टाक," ती म्हणाली. "मी काही तुझ्या देवळात येत नाही. पण माझा पोरगा खऱ्यापायी गेला, एवढं तरी मला मनाला सांगता येईल. अन् खरं नसलं, तर काहून बसलास बाबा तिकडे? घरी ये."

आणि मी काय म्हणालो? आठवड्यातून चार तास मिशनच्या शाळेत पोरांना पवित्र शास्त्र शिकवणारा, रविवारी खड्या आवाजात गाणारा मी? "पाहतो," म्हणालो. पाहतो! तिने काय वांग्याचा भाव विचारला होता?

"नाताळापर्यंत पाहा," आई म्हणाली. "अन् मग जे असेल ते सांग. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नको." एवढं बोलून आत गेली. तिची मनगटं फार बारीक झाली आहेत.

११ नोव्हेंबर

खात्री नव्हती असं नाही. एके काळी पोत्याने होती. कॉलेजात असताना मार्काचं शुभवर्तमान एका बैठकीत वाचून काढलं, आणि वाटलं की हा माणूस माझ्याशीच बोलतो आहे. बाप्तिस्म्याच्या दिवशी कुणी तोफेच्या तोंडी दिलं असतं तरी गेलो असतो. बाबांनी पाय धरले माझे. बापाने मुलाचे! मी ते खात्रीच्या जोरावर सोडवून घेतले. पुढे बाबा गेले, तेव्हा मी स्मशानात लांब एका बाभळीखाली उभा होतो.

आणि आता ती खात्री शोधतोय, तर कधी गेली, कुठून गेली, काही पत्ता नाही. चोर आला असता तर निदान कुलूप तरी तुटलेलं दिसलं असतं. प्रार्थना करतो, ती कौलांना लागून खाली पडते. आज सकाळी त्याला स्पष्ट विचारलं, "मी घर सोडलं, बाप सोडला, तुला एक शब्द बोलायला काय धाड भरली आहे?" उत्तर नाही. नेहमीप्रमाणे.

१४ नोव्हेंबर, रविवार

उपासनेनंतर मिशनच्या साहेबांना गाठलं. भला माणूस. उंच, लालबुंद, वीस वर्षं वऱ्हाडात राहून मराठी मात्र पुस्तकातलीच. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हरिहरराव, भावनांवर विसंबू नये. वचनावर विसंबावे."

"पण साहेब, वचन खरं कशावरून?"

"वचनातच तसे लिहिलेले आहे."

मी घाण्याच्या बैलासारखा एक फेरा मारून पुन्हा त्याच जागी! हे त्यांना सांगितलं, तर ते हसले आणि त्यांनी मला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं. त्यात ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाची सगळी प्रमाणं कोर्टातल्यासारखी मांडली आहेत. साक्षीदार किती, त्यांच्या जबान्या जुळतात कशा, विरुद्ध पक्षाचे मुद्दे लंगडे कसे. तीन दिवसांत वाचून काढलं पाहिजे.

१८ नोव्हेंबर

वाचून काढलं. एकही मुद्दा खोडता आला नाही. आणि खात्री? दिवाळीला होती तेवढीच, म्हणजे शून्य. हे पुस्तक आईला वाचून दाखवतोय असं डोळ्यांपुढे आणलं. ती म्हणेल, "छान आहे. दादाला दे, त्याच्या कामी येईल."

२० नोव्हेंबर

आमचे खुशालराव. मंडळीतले सगळ्यांत जुने वडील. अकोटकडची शेती भावाला देऊन मिशनच्या कामात आले. दर महिन्याच्या साक्षीच्या सभेला उठतात आणि आपल्याला खात्री कशी मिळाली ते सांगतात. ते सारं पाठ आहे मला, पण आज मुद्दाम घरी जाऊन पुन्हा विचारलं.

"मास्तर, त्याले काई शिकनं लागत नाई," ते म्हणाले. "मी वावरातल्या निंबाखाली बसलो होतो. म्हटलं, देवा, तू हायेस तं सांग, नाई तं मी चाललो घरी. अन् छातीत असं ऊन ऊन वाटलं. बस. तवापासून शंका म्हून कशी ती नाई."

"तसं मला कधी वाटेल?"

"तुमी बसूनच नाई राहिले ना बावा! तुमी तं येरझारा मारून राहिले."

ठीक आहे म्हटलं. शाळा सुटल्यावर मिशनच्या कुंपणातल्या निंबाखाली जाऊन बसलो. डोळे मिटले. म्हटलं, "देवा, तू आहेस तर सांग." थोड्या वेळाने खरंच काहीतरी जाणवलं, पण छातीत नाही. मुंगळ्यांचं वारूळच होतं खाली. घरी येऊन विमलला मांडीवरचे चावे दाखवले, तर ती चुलीपुढे हसून हसून आडवी झाली. या बाईचा मला अतोनात राग येतो.

२७ नोव्हेंबर

आज दादा आला होता! एका खटल्यासाठी अकोल्याला आला आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा आमच्या दारी आला. आत येणं शक्यच नव्हतं. विमलने अंगणात खुर्ची टाकली. पाणी विचारलं, तर "आत्ताच घेतलं" म्हणाला. तिने आत जाऊन केळ्यांचा फणा आणून खुर्चीशेजारच्या ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "घ्या भाऊजी. केयाले साल असते. त्याच्यात बाटनं शिरत नाई." दादाला राग यायला हवा होता, पण त्याने तीन केळी खाल्ली.

मग मुद्द्यावर आला. आईने त्याला सांगितलं म्हणे, की हरी "पाहतो" म्हणाला. वकिलाला एवढं पुरे. त्याने सगळं ठरवूनच टाकलं आहे. हल्ली शुद्धी करून परत घेतात. अमरावतीत दोघांना घेतलं. भगवंतशास्त्री तयार आहेत. मुहूर्त अठ्ठावीस डिसेंबर.

"त्याच दिवशी का?"

"अरे, कोर्टाला तेव्हाच सुटी. नाताळची. पुढे पौष लागतो, पौषात काही करता येत नाही."

म्हणजे येशूच्या जन्माची सुटी घेऊन मी येशूला सोडायचं! दादाला यात काहीच विचित्र वाटलं नाही. सरकारी सुट्यांची यादी पाहून त्याने माझा धर्म ठरवला.

"आणि विमल?" मी विचारलं.

तो आवाज खाली आणून म्हणाला, "तिचं मागाहून पाहू. दुष्काळातली अनाथ मुलगी. जात ठाऊक नाही, कूळ ठाऊक नाही. शास्त्रीबुवा तरी काय करतील? तू आधी ये. आई रोज विचारते, हऱ्या. तुझ्यासाठी आत पाट मांडायचा म्हणते." एवढं बोलून तो दुसरीकडे बघू लागला. दादाचे डोळे भरलेले मी बाबांच्या वेळीही पाहिले नव्हते.

विमल चुलीपाशी होती, पण आमचं घर ते केवढं. तिने सगळं ऐकलं.

२८ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर विमल एकदाही हसली नाही. संध्याकाळी मीच म्हणालो, "मी तुला टाकीन असं वाटतं का तुला?"

"नाई," ती म्हणाली. "तुमच्याच्यानं मांजर टाकनं होत नाई, बायको काय टाकसान." मग भाकरी थापता थापता म्हणाली, "मी दोन वर्साची असन तवा मिशननं मले उचललं. माही शुद्धी कोन्या जातीत करतीन? मी कोनाची, ते तं त्यालेच मालूम." 'त्यालेच' म्हणताना पिठाचा हात वर केला. तिला कधी शंका येत नाही का, असं विचारलं.

"येते ना. मंग सैपाक करतो."

ही काय रीत झाली शंकेशी वागायची! मी तिला प्रमाणं सांगू लागलो, पुस्तकातली, तर म्हणाली, "भाकर गरम हाय, जेवा आधी."

५ डिसेंबर, रविवार

हद्द झाली. साहेबांनी आज सगळ्यांसमोर जाहीर केलं की नाताळच्या आदल्या संध्याकाळच्या मेळ्यात हरिहरराव भाषण करतील. विषय: विश्वासाची खात्री! अख्ख्या अकोल्यात यांना दुसरा माणूस सापडला नाही? मी मागाहून जाऊन म्हणालो, "साहेब, मीच तर तुम्हाला सांगितलं की माझ्याकडे ती नाही."

"म्हणूनच," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून चालते झाले. गोऱ्या माणसांना असलं काहीतरी गूढ बोलून निघून जायला फार आवडतं.

१२ डिसेंबर, रविवार

शुक्रवारपासून उपास धरला. खुशालराव म्हणाले होते की उपासाने आतला गाळ निघून जातो. पहिल्या दिवशी डोकं दुखलं. दुसऱ्या दिवशी देवाशी फार वाईट भाषेत बोललो. आज उपासनेहून परत येतो, तर विमलने भरली वांगी केलेली, आणि वरून म्हणते, "माह्यासाठी केली, तुमचा उपास हाय ना." दाराशीच सुटला उपास. चार भाकऱ्या खाल्ल्या. खात्री मिळाली नाही, पण इतकी चांगली वांगी वर्षभरात झाली नव्हती. तसं म्हणायला गेलो आणि सवयीने आभार मात्र देवाचेच मानून बसलो. त्यावरूनही विमल हसली.

२५ डिसेंबर, नाताळ

काल भाषण झालं. मी खोटं एक अक्षर बोललो नाही. 'मला खात्री आहे' असं कुठेही म्हटलं नाही. कोण कोण काय म्हणतात, पुस्तकात काय प्रमाणं आहेत, शिष्य कसे भ्यायले होते आणि तरी त्यांना ख्रिस्ताला सोडून जाता कसं येईना, एवढंच सांगितलं. आणि लोक रडले! मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाक करणारी मैनाबाई पदराने डोळे पुसत आली आणि म्हणाली, "मास्तर, माह्या मनात लय दिवसाची अढी होती. आज पटली मले खात्री." मला तिथेच डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. साऱ्या गावाला वाढतोय आणि वाढप्याच्या ताटात काही नाही.

घरी येताना रस्त्याने मी देवाला अक्षरशः धारेवर धरलं. मोठ्याने. मैनाबाईला देतोस, खुशालरावांना देतोस, माझ्याच वेळी तुझा हात आखडतो का? चार दिवसांनी आईसमोर काय सांगू, बोल! लोक बघत होते. विमल पाच पावलं मागून येत होती. म्हणाली, "अहो मास्तर, जो हाय का नाई तेच तुमाले ठाऊक नाई, त्याच्यावर येवढं कायले कावून राहिले?"

"तुला नाही कळायचं ते," मी म्हणालो. तात्त्विक प्रश्नांत बायकांना गंमत सुचते कशी, देव जाणे.

२७ डिसेंबर, सकाळ

दुपारच्या गाडीने निघतो. रात्रभर विचार केला आहे आणि तो सरळ आहे. आईला हवं ते उत्तर 'खरं आहे' हे. ते माझ्याच्याने म्हणवत नाही, कारण खात्री नाही. तिला बरं वाटावं म्हणून खोटं सांगायचं नाही, हे तिनेच बजावलं आहे. मग उरतं काय? 'नाही' म्हणून टाकायचं, पाटावर जाऊन बसायचं, आणि विमलसाठी दादाशी आणि शास्त्रीबुवांशी जन्मभर भांडायचं. भांडायची मला सवय आहे. एकदा आईच्या हातचं आत बसून जेवीन, निदान तेवढं तरी पदरात पडेल.

विमलला हे सांगितलं. ती शिदोरी बांधत होती. हात थांबला तिचा, पण रडली नाही.

"जा," म्हणाली. "पन तिथं खरं बोलजा. खोटं बोलून माह्यापाशी येऊ नोका, अन् खोटं बोलून तिथंबी राहू नोका. मले दोन्ही चालत नाई." मग शिदोरी हातात देऊन आत गेली आणि बाहेर आलीच नाही. दोनदा हाक मारली मी.

बडनेरा स्टेशन, २८ डिसेंबर

अकोल्याच्या गाडीला उशीर आहे. इथेच बसून लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी ओसरीवर सगळी तयारी होती. समिधा, पंचगव्य, न्हावी, आणि साक्षीला गल्लीतले पाच पंच. भगवंतशास्त्री मवाळ गृहस्थ. मला म्हणाले, "घाबरू नका. आपल्याच घरी येताय." दाराच्या आत आई उभी होती. तिच्यामागे स्वयंपाकघरात पाट मांडलेला दिसत होता, भोवती रांगोळी. पुरणाचा वास येत होता. चौदा वर्षं मी तो पाट पाहिला नव्हता. तोच आहे, पितळी फुल्यांचा, माझा.

दादा शेवटी वकील. त्याने शास्त्रीबुवांच्या विधीला स्वतःचं एक कलम जोडलं होतं. संकल्पाआधी मी पंचांसमोर तीनदा मराठीत म्हणायचं, 'ख्रिस्ताशी माझा काही संबंध नाही.' संस्कृतात काय म्हटलं ते कळलं नाही, असं उद्या म्हणायची सोय नको, म्हणून.

मला वाटलं, सोपं आहे. खात्री नाही तर संबंध तरी कसला?

"ख्रिस्ताशी माझा," मी म्हणालो आणि अडकलो. घसा कोरडा पडला असेल म्हणून शास्त्रीबुवांनी पाणी दिलं. प्यालो. "ख्रिस्ताशी माझा काही," इथपर्यंत गेलो, पुढे जीभ हलेना. दादा पुढे झुकला आणि साक्षीदाराला सांगतात तसा हळूच म्हणाला, "संबंध नाही. म्हण. संबंध नाही."

आणि माझं डोकं सटकलं.

"कसा नाही?" मी ओरडलो. "अरे, कसा नाही? चौदा वर्षं रोज सकाळी त्याच्याशी भांडतोय मी! मागितलेलं देत नाही, विचारलेलं सांगत नाही, निंबाखाली बसलो तर मुंगळे चावले! त्याच्यापायी बापाला खांदा देता आला नाही मला. इथे ओसरीवर जेवतो, शेणाने सारवतो. एवढं ज्याने मला छळलं त्याच्याशी माझा संबंध नाही? मग कुणाशी आहे? दुसरं काहीही म्हणायला सांग, दादा. हे धडधडीत खोटं आहे!"

पंच एकमेकांकडे बघू लागले. न्हाव्याने वस्तरा पुन्हा धोकटीत ठेवला. शास्त्रीबुवांनी पळी-पंचपात्र आवरायला घेतलं आणि म्हणाले, "मोरोपंत, आज राहू द्या." दादा ताडकन उठला. "आयुष्यभर वकिली केली," तो म्हणाला, "पण असा फितूर साक्षीदार नाही पाहिला. अरे, आईकडे तरी बघायचंस!"

मी बघितलं. माझी आईकडे बघायची हिंमत होत नव्हती, तरी बघितलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"मोरोबा, पुरे झालं," ती म्हणाली. "मला माझं उत्तर मिळालं."

कुठलं उत्तर? मी तर काहीच उत्तर दिलं नव्हतं! 'खरं आहे' असं मी म्हणालो नाही, 'खात्री आहे' असंही नाही. तेच तिला सांगायला लागलो, "आई, तसं नाही, मला अजून," तर म्हणाली, "किती बोलशील? बस. जेवून जा."

मी ओसरीवर बसलो, माझ्या नेहमीच्या जागी. तिने आतला पाट उचलून भिंतीला लावला. ते मला दिसलं. मग पत्रावळ टाकली आणि वरून पुरणपोळी वाढली, तूप वाढलं, वरण वाढलं. दादा आत जाऊन बसला.  मी आईचं काय करून बसलो, तिने कशासाठी एवढी पहाटे उठून पुरण वाटलं, हेच मनात. तरी सगळं खाल्लं, कारण तिथे ती उभी होती.

जेवण झाल्यावर पत्रावळ उचलायला वाकलो.

"ठेव," आई म्हणाली.

"काय?"

"ठेव म्हटलं ना. बहिरा झालास काय?"

तिने उंबरा ओलांडला. वाकली, कमरेवर हात देऊन, आणि माझी उष्टी पत्रावळ दोन्ही हातांनी उचलली. अंगण ओलांडून कुंपणापाशी गेली आणि पलीकडे टाकली. परत आली, शेणगोळा घेतला आणि मी बसलो होतो ती जागा सारवली. दादा आतून आई, आई करत धावत आला आणि दारातच थांबला.  मी तर एखाद्या गाढवासारखा उभा होतो, रिकामे हात पुढे धरून.

मग ती सरळ विहिरीवर गेली आणि लुगड्यासकट डोक्यावर पाणी ओतायला लागली. एक बादली, दुसरी बादली, दात वाजतायत आणि तोंडाने स्तोत्र चाललंय! मी अंगणातून ओरडलो, "आई, अगं थंडी केवढी आहे! निदान ऊन पाणी तरी घे!"

"तू गप बैस," ती म्हणाली. "तुझा देव तुझ्यापाशी, माझं सोवळं माझ्यापाशी." आणि तिसरी बादली ओतली.

या बाईपुढे कुणी काय करावं? एवढंच होतं तर उचललीस कशाला? उचललीस तर मग हे गार पाणी कशाला? गाडीची घंटा झाली. पुढचं अकोल्याला.

अकोला, २ जानेवारी १९२७, रविवार

परवा रात्रीपासून ताप आहे आईला, दादाचं कार्ड आलं. खाली त्याने आणखी एक ओळ लिहिली आहे: 'डॉक्टरने ऊबेत ठेवायला सांगितले आहे, ऐकत नाही. तुला बोलावते. थेट ये.' चौदा वर्षांत दादाने मला 'ये' असं लिहिलेलं हे पहिलं कार्ड. उद्या पहाटेची गाडी धरतो. विमलही येते म्हणाली. ओसरीवर बसते म्हणाली, केळी घेऊन.

त्या दिवशी अमरावतीहून आलो तेव्हा ती दारात उभी होती. मी तोंड उघडायच्या आत तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. नुसतं एवढंच विचारलं, "मंग? भेटली काय खात्री?"

"नाही," मी खरं ते सांगितलं. यावर ती जी हसायला लागली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि मग खरंच रडली. काय गंमत वाटली ते सांगत नाही.

साहेबांचं पुस्तक आज परत केलं. ते म्हणाले, "उपयोग झाला?" मी म्हणालो, मुद्दे उत्तम आहेत. आईला उद्या गेल्यावर नीट समजावून सांगणार आहे की तिने माझा गैरसमज करून घेतला, मी उत्तर दिलेलंच नाही, मी अजून पाहतोच आहे.

पण ते नंतर. आत्ता एकच सांगायचंय, आणि वहीला नाही, तुला. खात्रीचं बाजूला राहू दे, ते आपण पुढे बघून घेऊ, मला घाई नाही. पण तिने माझं उष्टं उचललं आहे, ते तू पाहिलंस. आता तिचा ताप उतरला नाही, तर तुझी माझी गाठ आहे, हे नीट ध्यानात ठेव.